घाणीला चाळीस गुण

ओढा घाण असला पाहिजे, ही अट तुम्ही घातलीत. दुसऱ्या कुणी नाही. तुमच्या अनुदान कचेरीने, तुमच्या शिक्क्यानिशी, तुमच्या छापील अर्जाच्या सातव्या रकान्यात. 'समस्येची सध्याची तीव्रता, फोटोसह. गुण चाळीस.' शंभरातले चाळीस गुण घाणीला. आणि त्याच्या खाली, बारीक अक्षरात, 'आजवर केलेले काम. गुण पाच.' म्हणजे चार वर्षं गुडघाभर चिखलात उभं राहून ज्यांनी ओढा साफ केला त्यांना पाच, आणि ज्यांनी चार वर्षं खिडकीतून पिशव्या भिरकावल्या त्यांना चाळीस. ही वाटणी कुठल्या शहाण्याने केली त्याचं नाव अर्जावर नाही. असतं तर पुढचं काही घडलंच नसतं. वॉशर सरळ त्याच्या दारात जाऊन बसला असता.

वॉशर म्हणजे नळदुरुस्तीवाला. कागदोपत्री त्याला चांगलं नाव आहे, पण ते फक्त लाइटबिलवाल्याला माहीत. गळका नळ असो, बंद पडलेला पंप असो, नाहीतर कुणाचा बिनसलेला संसार असो, हा मान वाकडी करून जरा वेळ बघणार आणि म्हणणार, "वॉशर बदलावा लागेल." गल्लीने तेच नाव उचललं. पुढे पुढे त्याची सख्खी बहीणही त्याला त्याच नावाने हाक मारायला लागली. वय पंचावन्न, गुडघे मात्र सत्तरीचे.

बहीण त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. ताई. गल्लीच्या अगदी खालच्या टोकाला, ओढ्याला पाठ लावून, तिचं इस्त्रीचं दुकान. दुकान म्हणजे एक खोली, एक लांब टेबल, त्यावर कडेने करपलेली जाड चादर, भिंतीला खुंट्या आणि खुंट्यांना आकड्यांच्या चिठ्ठ्या लावलेली गाठोडी. वरच्या खोलीत वॉशर. त्याची बायको वारल्यापासून दोघं दोन्ही वेळा एकत्र जेवतात आणि दोन्ही वेळा भांडतात. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता. नखं कापण्यापासून शाळेत पोचवण्यापर्यंत सगळं ताईने केलं. हे तो कधी बोलून दाखवत नाही, तीही नाही. पण तिच्या दुकानातला नळ आजवर कधी गळलेला नाही.

आता ओढ्याचं. हा ओढा घरांच्या मागून येतो आणि मोठ्या रस्त्याखालच्या मोरीत शिरतो. मोरीच्या तोंडाशी एक जाळी आहे. ती वॉशरने बनवली: एका लोखंडी खाटेचा सांगाडा, दोन जुन्या खिडक्यांचे गज आणि मिळेल ती सळई. वाहत येणारं सगळं जाळीला अडकतं, दर रविवारी अकरा माणसं उतरून ते काढतात. जाळीने दगा दिला तर सगळा गाळ मोरीत जाऊन बूच बसतं आणि पाणी मागे फिरतं. मागे फिरलं की पहिलं दार ताईचं. गेल्या वर्षी पाणी टेबलाला लागलं. त्रेचाळीस घरांचे कपडे चिखलात गेले. ताईने एकेक कपडा पुन्हा धुतला, पुन्हा इस्त्री केला, घरोघर नेऊन दिला. रडली नाही, ओरडली नाही. शेवटचं गाठोडं पोचवून आल्यावर फक्त वॉशरला म्हणाली, "आणखी एकदा पाणी आत आलं ना, की मी लेकीकडे जाणार. कायमची."

लेक दोन दिवसांच्या प्रवासावर राहते. वॉशरने मान वाकडी करून बघितलं, पण या वेळी काय बदलायचं ते त्याला सुचलं नाही.

सुचवलं झेरॉक्सवाल्याने. गल्लीच्या तोंडाशी त्याचं दुकान. सगळ्या वस्तीचे कागद त्याच्या मशीनखालून जातात, त्यामुळे कुणाचा घटस्फोट होणार हे त्या जोडप्याच्या आधी त्याला ठाऊक असतं. एके दिवशी तो हातात तुमची जाहिरात नाचवत आला. पर्यावरण आणि लोकसहभाग अनुदान, नोंदणीकृत मंडळांसाठी सुवर्णसंधी. रविवारच्या त्या अकरा जणांचं ओढा मंडळ नोंदलेलं होतंच. मंडळातल्या मास्तरीणबाईंनी ते काम पहिल्याच वर्षी उरकलं होतं. भक्कम पोलादी जाळी, एक शिडी आणि अकरा जोड गमबूट, एवढीच मागणी. झेरॉक्सवाला म्हणाला, मिळालंच म्हणून समजा.

अर्ज एकवीस पानांचा निघाला. 'प्रकल्पामागील दूरदृष्टी, शंभर शब्दांत' असं होतं तिथे वॉशरने लिहिलं, 'जाळी पाहिजे.' झेरॉक्सवाल्याने त्याला समजावलं की अजून अठ्ठ्याण्णव शब्द देणं लागतो. मग त्याने स्वतःच पेन हातात घेतलं. त्याच्या दुकानातून असले शेकडो अर्ज गेलेले, त्याला ती भाषा पाठ. जाळी म्हणायचं नाही, 'जलप्रवाह व्यवस्थापन संरचना' म्हणायचं. हे त्याने मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा ताईने इस्त्री उचलून धरली आणि कुणाला काय झालंय म्हणून विचारलं.

'लाभार्थींची संख्या' या रकान्यात झेरॉक्सवाला पाच हजार लिहायला निघाला होता. मास्तरीणबाईंनी त्याचं मनगट धरलं. या बाई शाळेतून निवृत्त झाल्या, पण शाळा त्यांच्यातून झालेली नाही. चार वर्षांपूर्वी सगळ्या गल्लीला ओला कचरा, सुका कचरा शिकवला तो यांनीच. दारोदार उभ्या राहून पिशव्या उघडून बघायच्या आणि चुकीची निघाली तर तिच्यावर लाल पेन्सिलीने लिहायच्या, 'पुन्हा करून आणा.' बँकेच्या मॅनेजरनेसुद्धा पुन्हा करून आणली होती. तर बाईंनी दोन दिवस घरं मोजली आणि लिहिलं: माणसं दोनशे बारा, बदकं सात, एक बदक अंड्यांवर बसलेलं असल्याने संख्या बदलू शकते.

सातव्या रकान्यासाठी फोटो हवे होते. मंडळाने अभिमानाने आपले चांगल्यातले चांगले फोटो लावले. नितळ पाणी, तळाचे गोटे दिसताहेत, काठावर बदकं रांगेत.

महिन्याभराने अर्ज परत आला. 'सोबतच्या छायाचित्रांत समस्या आढळून येत नाही.' वॉशरने कचेरीत फोन लावला. तीन टेबलं फिरून चौथ्या टेबलावरच्या माणसाने त्याला विचारलं की फोटोत घाण कुठाय. वॉशर म्हणाला, काढली. तो म्हणाला, मग अनुदान कशाला पाहिजे? वॉशरने जाळीचं सांगितलं, पुराचं सांगितलं, ताईचंही सांगितलं. पलीकडून बराच वेळ कीबोर्डचा आवाज आला आणि मग उत्तर आलं की गुरुवारी अकरा वाजता जागेची तपासणी होईल. समस्या दिसली तर पुनर्विचार.

त्या संध्याकाळी ताईच्या दुकानात मंडळ बसलं. गाठोडी सरकवून जागा केली. झेरॉक्सवाल्याने सरळ मुद्द्याला हात घातला. गुरुवारी सकाळी काठावर कचरा टाकायचा, तपासणीवाले बघून गेले की उचलायचा. चाळीस गुण खिशात. यात खोटं काय? चार वर्षांपूर्वी होताच की कचरा, तोच पुन्हा दाखवायचा.

मास्तरीणबाई ताडकन उठल्या. चार वर्षं ज्यांना शिकवलं त्यांनाच आता कचरा टाकायला सांगू? पण मग त्यांची नजर ताईकडे गेली. ताई कुणाच्या तरी शर्टाची कॉलर पुन्हा पुन्हा दाबत होती. बाई खाली बसल्या आणि अटी घालायला लागल्या. पाण्यात काही जाता कामा नये. काच नको, बदकांचे पाय आहेत. ओलं काही नको. आणि बारा वाजायच्या आत एकूण एक वस्तू परत उचलायची. प्रत्येकाने आपापल्या घरून एक पिशवी आणायची असं ठरलं.

गुरुवारी नऊला सगळे काठावर हजर. वॉशरने पिशव्या उघडल्या आणि डोक्याला हात लावला.

दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून, दहा-दहाची चवड करून दोऱ्याने बांधलेल्या. बाटल्यांची झाकणं वेगळी, बाटल्या वेगळ्या, वरची लेबलं सोलून तिसऱ्या पिशवीत. वर्तमानपत्रांची घडी अशी की ताईलाही लाज वाटावी. एकाने तर पुठ्ठ्याच्या खोक्यावर 'पुठ्ठा' असं लिहून आणलं होतं. वॉशर त्यांच्यावर खेकसला की हा कचरा आहे की रुखवत. त्यांनी माना खाली घातल्या. सवयीने झालं म्हणाले.

बरं, टाका म्हटलं तर कुणाला टाकता येईना. बँकेचा मॅनेजर हातात बाटली घेऊन दोनदा हात मागे नेऊन आला आणि शेवटी वाकून ती गवतावर अलगद ठेवली, वर तोंड करून. शेजारची शिंपीणबाई डोळे मिटून पिशवी टाकायला गेली आणि ती वाऱ्याने पाण्याकडे सरकताच स्वतःच तिच्यामागे धावली. अर्ध्या तासात काठावर कचऱ्याचं प्रदर्शन मांडल्यासारखं झालं, दोन रांगांत, मध्ये चालायला वाट.

वॉशर पाय आपटत मोठ्या रस्त्यावरच्या खानावळीत गेला आणि मागच्या दाराकडचं एक पोतं खांद्यावर मारून आणलं. खानावळवाल्याने दोनदा विचारलं, तुम्ही नक्की नेताय ना, परत आणणार नाही ना. अस्सल माल होता. उष्टं, प्लास्टिक, तेलकट कागद, सगळं एकजीव, वास असा की बदकं पलीकडच्या काठाला गेली. वॉशरने ते काठावर उपडं केलं, समाधानाने बघितलं आणि हात धुवायला ताईच्या नळावर गेला. पाच मिनिटं लागली असतील. परत आला तर मास्तरीणबाई हातमोजे घालून उकिडव्या बसलेल्या आणि पोत्याचे चार ढीग झालेले.

"अहो, काय हे?"

"माझा हातच थांबला नाही," बाई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर वर्गात कॉपी करताना सापडलेल्या मुलीचे भाव होते.

आता ते पुन्हा कालवायचं म्हणून वॉशरने फावडं घेतलं, तेवढ्यात तपासणीबाई आल्या. कचेरीचं माणूस अकरा म्हणजे दीडला येणार, असा सगळ्यांचा हिशेब. ही बाई बसने आली आणि अकराला पाच मिनिटं कमी असताना हजर. तिशीतली, पायात चिखलाचे बूट, खांद्याला पिशवी. तिने काठावरून एक फेरी मारली. धुतलेल्या दुधाच्या पिशव्यांपाशी थांबली. 'पुठ्ठा' वाचलं. चार ढीग पाहिले.

"हा कचरा कुणी टाकला?" तिने विचारलं.

सगळे आभाळाकडे बघायला लागले.

"टाकलेला नाही," मास्तरीणबाई म्हणाल्या, "ठेवलाय."

आणि मग त्यांना राहवलं नाही. अर्जापासून पोत्यापर्यंत सगळं त्यांनी सांगून टाकलं, क्रमाने, कुणाची पिशवी कुठली तेही. झेरॉक्सवाला खोकत होता, खाणाखुणा करत होता. एक वेळ तर तो मधे येऊन उभाच राहिला. बाईंनी त्याला हाताने बाजूला केलं.

तपासणीबाई एका दगडावर बसली आणि हसली. आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. ताईने तिला चहा आणि बिस्किटाचा पुडा आणून दिला. पुडा संपला. कागद हातात घेऊन ती इकडेतिकडे बघायला लागली. वॉशर म्हणाला की टाका तिथेच, तेवढेच आमचे गुण वाढतील. तिने हात पुढे केला, मागे घेतला आणि कागदाची घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवली.

मग वॉशर तिला मोरीपाशी घेऊन गेला. तिने जाळीवर पाय ठेवला. सगळा सांगाडा कुरकुरला.

"किती दिवस टिकेल?"

"पुढच्या मोठ्या पाण्यापर्यंत."

"मग नुसती जाळीच मागा ना. हे बाकीचं कशाला?"

जाळीच मागितली होती, वॉशर म्हणाला. चाळीस गुण घाणीला ठेवले ते आम्ही नाही. बाईने जाळीवरचा पाय काढून घेतला.

"देखभालीला अनुदान नसतं, काका. नव्या कामाला असतं. तुमचं काम झालेलं आहे, ते नुसतं टिकवायचंय. त्याला आमच्याकडे रकानाच नाही."

"आणि टिकलं नाही तर?"

"तर ती आपत्ती. तिचा अर्ज वेगळा."

हे सांगताना तिने मान खाली घातली, हे तिच्या बाजूने नोंदवून ठेवलं पाहिजे. जे दिसलं तेच लिहीन म्हणाली, आणि तेच लिहिलं. 'ओढा अत्यंत स्वच्छ, लोकसहभाग आदर्श, जाळी धोकादायक, तातडीने बदलणे आवश्यक.'

तुमच्या कचेरीत ते कागद वर गेले. वरच्याने 'आदर्श' एवढं वाचलं आणि त्याचे डोळे चमकले. पुढचं त्याने वाचलं नाही, की वाचून सोडून दिलं, ते तोच जाणे. तीन आठवड्यांनी मंडळाला पत्र आलं. हार्दिक अभिनंदन. आपला प्रकल्प 'यशस्वीरीत्या पूर्ण' या गटात घेण्यात येत आहे. पूर्ण झालेल्या प्रकल्पास अनुदान देय नाही. तथापि तीस दिवसांत पूर्णत्वाचा अहवाल सादर करावा, अन्यथा मंडळाचे नाव काळ्या यादीत टाकण्यात येईल. आणि जागेवर कचेरीचा फलक लावण्यात येईल, त्यास सहकार्य करावे.

न दिलेल्या अनुदानाच्या कामाचा अहवाल कसा लिहायचा, यावर झेरॉक्सवाल्यानेही हात टेकले. वॉशर दोन दिवस कुणाशी बोलला नाही. ताई मात्र बोलली, फोनवर, लेकीशी. येत्या एक तारखेला ये म्हणाली, सामान फार नाही. वरच्या खोलीत वॉशरला जिन्यातून सगळं ऐकू येत होतं. तो खाली आला, नळ उघडून बंद करून बघितला आणि परत वर गेला.

त्याच आठवड्यात फलक आला. ट्रकने आला. सहा माणसं, सिमेंट, खडी, एक मुकादम. नितळ ओढ्याच्या काठावर दोन खड्डे खणून त्यांनी तो उभा केला. आठ फूट बाय सहा फूट, न गंजणारा जाड पत्रा, चारी बाजूंनी भरभक्कम अँगल. 'हा ओढा आमच्या सहकार्याने स्वच्छ झाला.' आणि अर्ध्या पत्र्यावर तुमच्या मोठ्या साहेबांचा हसरा फोटो. तो बरोब्बर ताईच्या मागच्या खिडकीसमोर बसवला, त्यामुळे दुकानात दिवसा दिवा लावावा लागला. ताई म्हणाली, चला, अनुदान नाही तर नाही, निदान इस्त्री करताना साहेबांची सोबत झाली.

वॉशर फलकाजवळ गेला. बोटाने टकटक केलं. कान लावला. अँगलवरून हात फिरवला, एखाद्या जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा. मग मोजपट्टी काढली. फलक मोजला, मोरीचं तोंड मोजलं, पुन्हा फलक मोजला.

"तुझ्या डोक्यात काय शिजतंय ते मला कळलंय," ताई खिडकीतून म्हणाली. "आणि मला काहीही कळलेलं नाही."

त्या रविवारी जुन्या जाळीचा एक गज साफसफाईत हातातच आला. वर आभाळ भरत चाललेलं. वॉशरने मंडळापुढे आपला बेत मांडला. झेरॉक्सवाला म्हणाला, खडी फोडायला जायची हौस आहे का? सगळ्यांनी मास्तरीणबाईंकडे बघितलं. बाईंनी फलकाला एक प्रदक्षिणा घातली, चष्मा वर केला आणि निकाल दिला, "सुका. पुनर्वापरायोग्य."

मग कुणाचीच हरकत राहिली नाही. भर दिवसा, सगळ्यांसमोर, वॉशरने कटर लावला. लपूनछपून काही केलं नाही, हे तुमच्या फाइलमध्ये लिहून घ्या. पत्र्याच्या उभ्या पट्ट्या केल्या, अँगलची चौकट केली, चार-चार बोटांच्या फटी ठेवून पट्ट्या चौकटीला जोडल्या. मोठे साहेब पाच पट्ट्यांत आले. एका पट्टीत कान, एकीत डोळा, मधल्या पट्टीत नाक, मग दुसरा डोळा, दुसरा कान. वॉशर हाताला येईल ती पट्टी लावत होता, पण मास्तरीणबाईंनी क्रम बिघडू दिला नाही. संध्याकाळपर्यंत साहेब मोरीच्या तोंडात उभे राहून हसत होते. खरं सांगायचं तर साहेब इतके कामाला पहिल्यांदाच आले.

बुधवारी दुपारी पाणी आलं. वरून कुठून कुठून आलं, तांबडं, फेसाळ, आवाज करत. ताईने गाठोडी टेबलावर चढवली, टेबलाचे पाय विटांवर घेतले आणि दारात उभी राहिली. वॉशर आणि मंडळी दाताळी घेऊन काठावर. फांद्या आल्या, थर्माकोल आलं, एक अख्खी प्लास्टिकची खुर्ची आली. सगळं साहेबांच्या तोंडावर येऊन आदळत होतं आणि हे लोक ओढून बाहेर काढत होते. पाणी साहेबांच्या हनुवटीला लागलं, मग ओठांना, मग नाकाला. पट्ट्या थरथरत होत्या. चौकट हलली नाही. इकडे दुकानाची पहिली पायरी बुडाली, दुसरी बुडाली. तिसरीवर पाणी जरा वेळ घुटमळलं. वॉशर दाताळं धरून तिकडेच बघत होता आणि त्याच्या ओठांत काय चाललं होतं ते शेजारच्या मॅनेजरलाही ऐकू आलं नाही.

तिसरी पायरी बुडाली नाही. पाचनंतर पाणी उतरायला लागलं.

ताई बाहेर आली. तिसऱ्या पायरीवरची ओली रेघ तिने वाकून बघितली. आत जाऊन इस्त्रीचं बटण लावलं, आणि तापेपर्यंत लेकीला फोन केला. "एक तारखेला येऊ नकोस," ती म्हणाली, "चाळीस जणांचे कपडे पडलेत."  मग वॉशरच्या ओल्या चपला तिने उचलून चुलीजवळ ठेवल्या.

आणि आठव्या दिवशी तुमची नोटीस. कचेरीच्या मालमत्तेचे नुकसान. वरिष्ठांच्या प्रतिमेचा अवमान. पूर्णत्वाचा अहवाल अप्राप्त. सात दिवसांत फलक मूळ जागी, मूळ स्थितीत उभा करावा, अन्यथा फौजदारी. कागद पाकिटात चुरगळला होता. ताईने तो टेबलावर पसरला आणि त्यावरून हलकी इस्त्री फिरवली. चुरगळलेला कागद घेऊन कसं जायचं साहेबांपुढे, म्हणाली. मीपण येते.

दोघं सकाळी दहाला गेली, साडेतीनला आत बोलावलं. साहेब फोटोपेक्षा लहान होते. वॉशरची नजर पुन्हा पुन्हा त्यांच्या कानाकडे जात होती. त्या कानाची कड त्याने स्वतः कानशीने घासली होती. साहेबांनी विचारलं, फलक का तोडला? वॉशर म्हणाला, मुदतीच्या आत काढून देतो, मूळ स्थिती येणार नाही पण जोडून देतो. फक्त त्या जागी जाळी कुठली लावायची ते सांगा. साहेब म्हणाले, त्यासाठी अर्ज करा. वॉशर म्हणाला, केला होता. सातवा रकाना. साहेबांनी फाइल चाळली.

"आता ओढ्याला काही समस्या आहे?"

"नाही."

"घरात पाणी शिरलं?"

"नाही. जाळीमुळे नाही शिरलं."

"मग आधी जाळी काढा," साहेब म्हणाले. ते चिडून नव्हते बोलत, चांगल्या मनाने वाट दाखवत होते. "नियमाने फलक परत लावा. पाणी शिरलं की फोटो काढा आणि आपत्तीच्या अर्जाला जोडा. तिथे तुम्हाला पूर्ण गुण मिळतील. मी स्वतः लक्ष घालीन."

 ताई खुर्चीतून पुढे सरकली. तिने इतक्या शांतपणे विचारलं की दाराशी उभा असलेला शिपाईसुद्धा वळून बघायला लागला.

"साहेब, पाणी टेबलापर्यंत आलेलं चालेल, की त्याच्या वर पाहिजे? आणि फोटोत मी कुठे उभी राहू?"

साहेबांनी पाण्याचा पेला उचलला, ठेवला. याचं उत्तर लेखी कळवण्यात येईल म्हणाले आणि घंटी वाजवली.

त्याला पाच दिवस झाले. उद्या मुदत संपते. वॉशर माणूस शब्दाचा आहे. सकाळी दहाला तो पाना घेऊन मोरीत उतरणार, आणि आभाळ आजच काळं आहे. त्याने टेबलाचा पाय जमिनीपासून वरपर्यंत इंचा-इंचाने मोजून खुणा करून ठेवल्यात. ताई खालून तिसऱ्या खुणेवर बोट ठेवून विचारतेय, इथवर चालेल का. तुमच्याकडे रकाने आहेत, शिक्के आहेत, गुण देणारी माणसं आहेत. चौसष्ट वर्षांच्या बाईने कितव्या इंचापर्यंत बुडायचं, ते उद्या दहाच्या आत लिहून पाठवा. खाली सही करा, आणि या वेळी नाव वाचता येईल अशी करा.